छोट्या यंत्रांतील मराठी आणि तिची तपासणी

(अकादमीच्या चर्चासत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'फर्मवेअरची बांधणी व चाचणी आणि त्यासाठी कंटेनरचा वापर' हा विषय साहित्याच्या व्यासपीठावर कसा आला, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. विषय अभियांत्रिकीचा आणि बोलणारा साहित्याचा अध्यापक. पण मराठीची काळजी करताना आपण पुस्तक, शाळा, वर्तमानपत्र, रंगभूमी आणि फार तर मोबाइल इथपर्यंत येऊन थांबतो. त्यापलीकडेही रोजच्या वाचनाची एक जागा आहे. वीजमीटर, शेतपंपाचे पॅनेल, तिकिटाचे यंत्र, रक्तदाब मोजण्याचे उपकरण, लिफ्ट. या यंत्रांच्या लहानशा पडद्यावर दोन-चार शब्द उमटतात आणि ते वाचून माणूस लगेच काहीतरी करतो. पुस्तकातला मजकूर न कळला तर वाचक पान उलटतो. पॅनेलवरचा मजकूर न कळला तर मोटर जळते.

माझे आजचे म्हणणे थोडक्यात सांगतो. ज्या भाषेचे ग्राहक कमी, ती भाषा यंत्रात टिकण्यासाठी तिची तपासणी स्वस्त आणि पुन्हा पुन्हा करता येण्याजोगी असावी लागते. कंटेनर नावाचे साधन ही तपासणी स्वस्त करते. मात्र तपासायचे काय, हे त्या साधनाला भाषा जाणणाऱ्यानेच सांगावे लागते.

फर्मवेअर आणि त्याचा लहान संसार

यंत्राच्या आत चिपमध्ये कायमचा लिहून ठेवलेला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. वीज गेली तरी तो पुसला जात नाही. या चिपा लहान असतात. विद्यार्थ्यांच्या हाती नेहमी दिसणाऱ्या आर्डुइनो उनो या बोर्डावर प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट जागा असते आणि काम करताना लागणारी स्मृती फक्त २ किलोबाइट. एसटीएम३२ कुळातल्या एका लोकप्रिय चिपमध्ये हे आकडे ६४ आणि २० किलोबाइट आहेत. आपल्या खिशातल्या मोबाइलची स्मृती याच्या लाखो पट असते. मोबाइलवर मराठी नीट दिसते म्हणून या यंत्रांवरही दिसेल, हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो.

पडद्यांचेही तसेच. दोन ओळी, प्रत्येक ओळीत सोळा अक्षरे असा हिरवा किंवा निळा पडदा आपण असंख्य उपकरणांवर पाहिला आहे. हिताची कंपनीच्या एका जुन्या नियंत्रक चिपच्या नमुन्यावर तो चालतो. त्या चिपमध्ये रोमन अक्षरे आणि अंक तयार असतात, प्रचलित प्रकारात जपानी काताकानाही असते. देवनागरी नाही. बाहेरून स्वतःची अक्षरे काढून द्यायची तर एका वेळी फक्त आठ, तीही पाच बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. दोन चौकटींच्या मध्ये फट असते, त्यामुळे शिरोरेषा सलग राहूच शकत नाही. अशा पडद्यावर मराठी दिसत नाही याला कुणाचा दुष्टावा कारण नाही. पडदा घडवताना आपली लिपी कुणाच्या समोर नव्हती, एवढेच.

आता बरेच स्वस्त पडदे ठिपक्याठिपक्यांनी चित्र काढू शकतात. १२८ बाय ६४ ठिपक्यांचा पडदा घेतला तर एकूण ८१९२ ठिपके होतात. एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे पूर्ण पडद्याचे एक चित्र १०२४ बाइटमध्ये मावते. इथे देवनागरीला दार उघडते. मात्र त्या दारातून आत येताना लिपीची खरी परीक्षा होते.

मराठी अक्षर यंत्रात कसे पोचते

युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. 'कि' लिहिताना आधी 'क' आणि मग ऱ्हस्व वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी 'क'च्या आधी यायला हवी. 'आर्थिक' या शब्दात तर र, हलन्त चिन्ह, थ, वेलांटी असा क्रम साठवलेला असतो. दाखवताना रफार शेवटी वर चढतो आणि वेलांटी पुढे सरकते. ही मांडामांड करणाऱ्या प्रोग्रामला अक्षरजुळणी करणारी लायब्ररी म्हणावे. मोबाइल आणि संगणक यांत ती असतेच. हार्फबझ हे त्यातले सर्वांत प्रचलित नाव. लहान चिपमध्ये अशी लायब्ररी बसवणे बहुधा परवडत नाही. ती नसली की साठवलेली चिन्हे जशीच्या तशी एकापुढे एक मांडली जातात. वेलांटी उजवीकडे लटकते, जोडाक्षराचा पाय मोडका दिसतो. असे फलक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

यावर अभियंते एक साधा उपाय करतात. यंत्रात दिसायची वाक्ये मोजकीच असतात. ती वाक्ये अभियंत्याच्या मोठ्या संगणकावर नीट जुळवून घ्यायची, त्यांची ठिपक्यांची चित्रे करायची आणि ती चित्रेच फर्मवेअरमध्ये घालायची. पडदाभर आकाराची तीस वाक्ये म्हणजे सुमारे ३० किलोबाइट. ६४ किलोबाइटच्या चिपमध्ये ती बसतात.

ही रीत नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. या रीतीत यंत्राला मराठी येतच नसते. ते फक्त चित्र दाखवते. मराठी बरोबर होते किंवा बिघडते ती फर्मवेअरच्या बांधणीच्या क्षणी, अभियंत्याच्या संगणकावर. तिथला फॉन्ट कोणता, जुळणीची लायब्ररी कोणत्या आवृत्तीची, चित्र करणारा प्रोग्राम कोणता, यावर शेतकऱ्याच्या पॅनेलवरचे अक्षर अवलंबून राहते.

एकाच मजकुराचे दोन निकाल

फर्मवेअर ज्या चिपमध्ये चालते, त्या चिपवर ते बांधता येत नाही. अभियंता मोठ्या संगणकावर सोर्स कोड लिहितो. कंपायलर आणि लिंकर हे प्रोग्राम त्यातून चिपला कळणारा संच तयार करतात आणि मग तो चिपमध्ये भरला जातो. या साधनसंचात कंपायलर, लायब्ऱ्या, फॉन्ट आणि छोटे मदतनीस प्रोग्राम अशा अनेक गोष्टी असतात. प्रत्येकीची आवृत्ती वेगळी. दोन अभियंत्यांच्या संगणकांवर हा संच तंतोतंत सारखा असणे दुर्मीळ. एकाकडे बांधलेले फर्मवेअर नीट चालते, दुसऱ्याकडे त्याच कोडमधून बांधलेले अडखळते. आणि 'माझ्या संगणकावर तर चालते' हे उत्तर या व्यवसायात म्हणीसारखे रूढ झाले आहे.

आपल्या लेखकांना हा अनुभव परका नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टच्या खासगी संकेतांत टाइप केला जाई. आज अशी फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. कादंबरी फाइलमध्ये जशीच्या तशी आहे, एक बाइटही हरवलेली नाही. ती वाचून दाखवणारा फॉन्ट मात्र त्या संगणकाबरोबर गेला. मजकूर जपला पण त्याचे साधन जपले नाही, तर मजकूर गेल्यातच जमा होतो. फर्मवेअरचे दुखणे हेच आहे. पंपाचे पॅनेल दहा-पंधरा वर्षे शेतात राहते. पाच वर्षांनी त्यातले एक वाक्य बदलायचे म्हटले तर कोड सापडतो, पण त्या वेळचा कंपायलर, त्या वेळची लायब्ररी आणि त्या वेळचा फॉन्ट एकत्र सापडत नाहीत.

कंटेनर म्हणजे काय

शब्द आला तो बंदरातून. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांच्या कंपनीचे 'आयडियल-एक्स' हे जहाज अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. त्यावर ५८ धातूच्या पेट्या होत्या. त्याआधी पोती, पिंपे, खोकी एकेक करून चढवावी-उतरवावी लागत. पेटीमुळे आत काय आहे याच्याशी क्रेनचा, जहाजाचा, ट्रकचा संबंध उरला नाही. सगळ्यांनी फक्त पेटी उचलायची. न्हावा-शेवा किंवा मुरगाव बंदराच्या रस्त्यावर जी एकसारखी लोखंडी खोकी दिसतात, त्यांचा उगम हा.

संगणकातला कंटेनर याच कल्पनेवर बेतला आहे. एखाद्या प्रोग्रामला लागणारी सगळी साधने एका पेटीत घालायची आणि ती पेटी कुठल्याही संगणकावर उघडायची. प्रोग्रामला वाटते की आपल्यापुरता हाच संगणक. शेजारी काय आहे हे त्याला दिसत नाही. या कल्पनेची मुळे युनिक्समध्ये १९७९ साली आलेल्या 'सीएचरूट' या सोयीपर्यंत जातात. पुढे लिनक्सच्या गाभ्यात प्रक्रिया एकमेकांपासून वेगळ्या ठेवण्याच्या आणि त्यांना साधने वाटून देण्याच्या सोयी आल्या. २०१३ साली डॉकर हे साधन आले आणि त्याने हे सगळे सामान्य प्रोग्रामरच्या आवाक्यात आणले. आज पॉडमनसारखी इतर साधनेही तेच काम करतात.

डॉकरमध्ये तीन शब्द महत्त्वाचे. पहिला डॉकरफाइल. ही पाककृती. 'डेबियन १२ घ्या, त्यात अमुक आवृत्तीचा कंपायलर बसवा, तमुक लायब्ररी बसवा, हा फॉन्ट ठेवा' असे तिच्यात ओळीने लिहिलेले असते. दुसरा इमेज, म्हणजे त्या पाककृतीने तयार होऊन गोठलेला संच. आणि तिसरा कंटेनर, म्हणजे ती इमेज प्रत्यक्ष चालू केल्यावर उभी राहणारी खोली. काम झाले की खोली मोडायची. पुढच्या वेळी त्याच इमेजमधून कोरी खोली पुन्हा उभी राहते. मागच्या कामाची धूळ तिच्यात नसते.

इथे एक बारकावा आहे आणि अभियंतेही त्यात फसतात. पाककृती जपली म्हणजे पदार्थ जपला असे होत नाही. डॉकरफाइलमध्ये 'कंपायलर बसवा' एवढेच लिहिले असेल तर आज एक आवृत्ती बसेल, दोन वर्षांनी दुसरी. 'लेटेस्ट' अशी चिठ्ठी लावलेली इमेज आज एक असते, उद्या तीच चिठ्ठी दुसऱ्या इमेजवर लागते. म्हणून आवृत्त्यांचे आकडे लिहायचे, इमेजला तिच्या चिठ्ठीऐवजी तिच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाने ओळखायचे आणि तयार इमेजही जपून ठेवायची. हा ठसा म्हणजे गणिताने काढलेली एक लांब संख्या. इमेजमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा बदलतो.

हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना यात ओळखीचे काही दिसेल. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो प्रतींमध्ये भेद शिरले होते म्हणूनच. नकलताना प्रत बदलते, हा नियम पोथीला लागू तसा प्रोग्रामलाही. पोथीच्या शेवटी लेखक शक, तिथी, गाव नोंदवतो, आणि त्यामुळे दोन प्रती अक्षरशः सारख्या निघत नाहीत. गंमत अशी की पुष्कळ फर्मवेअरमध्येही बांधणीची तारीख आणि वेळ आपोआप लिहिली जाते. एकच कोड त्याच कंटेनरमध्ये दोनदा बांधला तरी दोन संच वेगळे निघतात ते याच कारणाने. तारीख बाहेरून एकच ठरवून दिली, फाइलींचा क्रम पक्का केला, की दोन्ही संच बाइटन्बाइट सारखे होऊ शकतात. डेबियन प्रकल्पात २०१३ पासून याच ध्येयाने मोठे काम चालू आहे. दोन वेगळ्या माणसांनी बांधलेला संच सारखा निघाला, तर यंत्रात जे चालते आहे ते याच कोडमधून आले, असे खात्रीने म्हणता येते.

चाचणी कशी होते

आता एक उदाहरण घेऊ. तीन फेजवर चालणाऱ्या शेतपंपाचे पॅनेल आहे. त्यावर १२८ बाय ६४ ठिपक्यांचा पडदा आहे. एक फेज गेला की पंप थांबवायचा आणि कारण दाखवायचे: 'तिसऱ्या फेजमध्ये वीज नाही'. हे वाक्य वाचता आले नाही तर शेतकरी पुन्हा बटण दाबणार. मोटर दोन फेजवर गुरगुरत तापणार आणि वेटोळे जळणार. म्हणून हे वाक्य बरोबर दिसणे हा शुद्धलेखनाचा हट्ट मानू नये. तो यंत्राच्या कामाचा भाग आहे.

अशा फर्मवेअरची चाचणी कंटेनरमध्ये चार पायऱ्यांनी करता येते. पहिली पायरी बांधणीची: कोरी खोली उघडायची आणि कोड बांधून पाहायचा. दुसरी तर्काची: फेज गेल्यावर पंप थांबतो का, हे पाहणारा कोडचा भाग मोठ्या संगणकासाठीच कंपाइल करून खोट्या आकड्यांवर चालवायचा. तिसरी नकली चिपची. क्यूएमू हा फाब्रिस बेलार यांनी लिहिलेला एम्युलेटर एका प्रोसेसरवर दुसऱ्या प्रोसेसरचे सोंग आणतो. त्याला ठाऊक असलेल्या बोर्डांसाठीचे फर्मवेअर खऱ्या चिपशिवाय चालवून पाहता येते. चौथी पायरी आपल्या कामाची. पडद्यावर जे उमटणार त्याचे १०२४ बाइट एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचे आणि आधी मंजूर केलेल्या चित्राशी ठिपकान्‌ठिपका ताडून पाहायचे. फरक निघाला की बांधणी तिथेच थांबते.

हे ताडून पाहणे कंटेनरशिवाय टिकत नाही. फॉन्टची किंवा चित्र काढणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती बदलली की दोन-चार ठिपके इकडचे तिकडे होतात, मजकूर बरोबर असूनही. मग रोज खोट्या तक्रारी येतात, लोक कंटाळतात आणि शेवटी चाचणीच काढून टाकतात. कंटेनरमध्ये सगळी साधने स्थिर असतात. तिथे चित्र बदलले तर मजकूर, फॉन्ट किंवा कोड कुणीतरी खरोखर बदलला आहे, असा त्याचा अर्थ होतो. तक्रार विश्वासार्ह होते. कोडमध्ये कुणी एक ओळ बदलली की सर्व्हरवर आपोआप नवी खोली उभी राहते, चारही पायऱ्या होतात आणि काही मिनिटांत निकाल कळतो. त्यासाठी मराठी जाणणाऱ्या माणसाला दर वेळी बोलवावे लागत नाही. चित्र पहिल्यांदा मंजूर करताना आणि पुढे ते जाणूनबुजून बदलताना, एवढ्याच वेळी त्याची गरज लागते.

कंटेनरच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो पूर्ण संगणक नव्हे. लिनक्सचा गाभा तो बाहेरच्या संगणकाकडूनच उसना घेतो. विंडोज किंवा मॅकवर डॉकर चालते ते आत एक आभासी लिनक्स उभे करून. खरी चिप यूएसबीने जोडून तिच्यात फर्मवेअर भरणे कंटेनरमधून खटपटीचे होते, म्हणून अनेक जण बांधणी आत करतात आणि भरणे बाहेर. आणि भर दुपारच्या उन्हात पडदा वाचता येतो का, ओल्या बोटांनी बटण दाबले जाते का, विजेच्या झटक्याने चिप अडकते का, हे कुठलाही कंटेनर सांगू शकत नाही. त्यासाठी शेतात जावे लागते. आधीच्या चार पायऱ्या पार पडल्या असल्या तर शेतात जाताना शुद्धलेखनाची काळजी बरोबर न्यावी लागत नाही, एवढा तिचा उपयोग.

तपासायचे काय, हे कोण सांगणार

इथून पुढचा भाग आपला आहे. अभियंत्याकडे चाचणीचे शब्द बहुधा हिंदीचे असतात किंवा नुसती वर्णमाला असते. 'हिंदी चालते म्हणजे मराठी चालणारच, लिपी एकच' असे तो प्रामाणिकपणे समजतो. लिपी एक असली तरी मराठीच्या गरजा वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट चंद्रकोरीसारख्या रकाराची. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत तर पंक्तीतली जागाच बदलते. हिंदीच्या रोजच्या लेखनात हा रकार लागत नाही. त्यामुळे हिंदीच्या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झालेला फॉन्ट 'तिसऱ्या', 'दुसऱ्या', 'वऱ्हाड', 'कऱ्हाड' यांवर अडखळू शकतो. शिवाय हा रकार युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एक रीत टिंबाच्या 'ऱ'ला हलन्त करून, दुसरी साध्या 'र्'पुढे अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. चाचणीत दोन्ही हवेत.

दुसरी गोष्ट 'ॲ'ची. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसते आणि त्या जागी रिकामी चौकट दिसते. पंपाच्या पॅनेलवर सर्वांत जास्त दिसणारा शब्द कोणता? 'ॲम्पिअर'. रुग्णालयात 'ॲम्ब्युलन्स'. म्हणजे हे अक्षर यंत्रांनाच जास्त लागते.

तिसरी गोष्ट 'ल' आणि 'श' यांच्या वळणांची. मराठी वळण हिंदीहून निराळे आहे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, पण 'हा मजकूर मराठी आहे' असे प्रोग्रामला सांगितले तरच मराठी वळण येते. ते सांगायचे राहिले तर वाचता येते, पण परके वाटते. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या मुलांना तर मराठी वळण पुस्तकाबाहेर सहसा भेटतच नाही.

चौथी गोष्ट जोडाक्षरांची. 'विठ्ठल', 'राष्ट्र', 'हृदय', 'शृंगार', 'स्त्री', 'ज्ञान' यांतला प्रत्येक शब्द लिपीच्या एका वेगळ्या सांध्यावर बोट ठेवतो. 'सर्व्हिस' या परक्या शब्दात रफार, जोडाक्षर आणि वेलांटी तिन्ही एकत्र येतात, म्हणून चाचणीला तो उत्तम.

पाचवी गोष्ट लांबीची. संगणकात प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'मराठी' या शब्दात पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. 'क्षत्रिय'मध्ये आठ चिन्हे, म्हणजे चोवीस. इंग्रजी नाव डोळ्यांपुढे ठेवून वीस बाइटची जागा राखली असेल तर मराठी नाव मधेच, तेही एखाद्या चिन्हाच्या ऐन मध्यावर, कापले जाते आणि शेवटी कचरा उमटतो.

सहावी गोष्ट लिपीची नव्हे, भाषेची. '५ मिनिटे बाकी' हे वाक्य आकडा बदलून तसेच वापरले तर '१ मिनिटे बाकी' दिसते. आणि 'बंद' हा एकच शब्द बटणावर लिहिला तर अर्थ काय घ्यायचा? पंप बंद आहे, की बंद करण्यासाठी हे बटण दाबा? वायरला हात लावणाऱ्या माणसासाठी हा फरक जिवाचा आहे. 'बंद आहे' आणि 'बंद करा' असे दोन वेगळे संदेश हवेत, हे कोणताही कंटेनर सुचवणार नाही. ते भाषेचा अध्यापक सुचवू शकतो.

बृहन्महाराष्ट्रासाठी याचा अर्थ

महाराष्ट्रात मोठा ग्राहकवर्ग आहे, म्हणून उत्पादक थोडाफार खर्च सोसतो. बेळगाव, गोवा, बडोदे, हैदराबाद, इंदूर इथल्या मराठी ग्राहकासाठी वेगळा माणूस नेमून प्रत्येक आवृत्ती डोळ्यांनी तपासणे कुणालाच परवडणारे नाही. तपासणी महाग असली की पहिली गळते ती कमी ग्राहकांची भाषा. कुणी ठराव करून ती काढत नाही. नव्या आवृत्तीत तिची चित्रे बिघडलेली निघतात, दुरुस्त करायला वेळ नसतो आणि इंग्रजी तेवढी राहते. चाचणी कंटेनरमध्ये एकदा बसवली की एका भाषेमागे वाढणारा खर्च काही मिनिटांच्या यंत्रकामाचा उरतो. याच चाचणीचा लाभ देवनागरीतून लिहिल्या जाणाऱ्या कोकणीलाही होतो, आणि तिचे शब्द त्याच यादीशेजारी ठेवता येतात.

म्हणून या व्यासपीठावर माझी एक साधी सूचना आहे. मराठीच्या चाचणीसाठी शंभर शब्दांची आणि वीस वाक्यांची एक यादी आपण करावी. प्रत्येक शब्दापुढे तो का निवडला, याची एक ओळ असावी: 'दुसऱ्या – चंद्रकोरी रकार', 'ॲम्पिअर – स्वतंत्र ॲ', 'आर्थिक – रफार आणि ऱ्हस्व वेलांटी एकत्र'. प्रत्येक शब्दाचे बरोबर दिसणारे रूप आणि नेहमी दिसणारे एक चुकीचे रूप, दोन्ही छापावीत, म्हणजे मराठी न जाणणाऱ्या अभियंत्यालाही फरक कळेल. यादी कोणालाही विनामूल्य, विनापरवानगी वापरता यावी.

हे काम करायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. शब्द निवडण्याचे काम बी.ए.च्या वर्गात व्याकरण शिकवताना होऊ शकते. जोडाक्षरे, रकाराचे प्रकार, लिंग-वचन हे सगळे आपल्या अभ्यासक्रमात आहेच. विद्यार्थ्यांनी गावातल्या यंत्रांवरचे मराठी मजकूर उतरवून आणावेत, काय बिघडले आहे ते वर्गात सांगावे आणि त्यातून यादी वाढावी. शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी त्या यादीभोवती एक डॉकरफाइल आणि चित्रे ताडून पाहणारा छोटा प्रोग्राम लिहावा. प्रकल्प म्हणून हे एका सत्राचे काम आहे. व्याकरण शिकणाऱ्याला आपले ज्ञान कुठे वापरले जाते ते दिसेल, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला कळेल की चाचणीत काय असावे हे त्याच्या पुस्तकात सापडत नाही.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी खिळे पाडून, जोडाक्षरांच्या पेट्या वाढवून छापखान्यात मराठीची सोय करून घेतली. ती सोय छापखान्याच्या मालकाने आपण होऊन केली नव्हती. कुठली अक्षरे लागतात याची यादी भाषा जाणणाऱ्या माणसांनी त्याच्या हातात ठेवावी लागली. आजच्या यंत्रांसाठी तशीच यादी हवी आहे, आणि ती या वर्षातच सुरू करता येईल. पहिले दहा शब्द मी आजच्या बोलण्यात दिलेच आहेत. उरलेले नव्वद आपण सर्वांनी द्यावेत.